धुराआडची चव

राळेगावात अर्पिता मडावीचा पत्ता विचारला, तर समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "वाइनवाली का?" त्या शब्दात थोडी थट्टा असते, थोडं कौतुक असतं. सुरुवातीला नुसती थट्टाच होती. गोपाल ड्रायव्हरच्या पोरीनं नाशिकची नोकरी सोडली आणि गावात येऊन दारू गाळायला बसली, असं लोक बोलत.

गाळत ती काहीच नव्हती. दारू भट्टीवर गाळतात, फुलं आंबवून, उकळून, वाफ धरून. अर्पिता मोहफुलं नुसती आंबवायची, मुरू द्यायची आणि बाटलीत भरायची, द्राक्षांची वाइन करतात तशी. हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. दारूबंदीच्या बायका एकदा जाब विचारायला आल्या, तेव्हा तिनं त्यांना आत नेलं, परवाना दाखवला, टाक्या दाखवल्या आणि राळेगावात एकही बाटली विकणार नाही असा शब्द दिला. बायका पूर्ण पटून गेल्या नाहीत, पण पुन्हा आल्याही नाहीत.

मडावींचं मूळ गाव चिचघाट. राळेगावपासून थोडं आत, एका बरड टेकडीच्या पायथ्याशी गोंडांची पन्नासेक घरं. वडील एसटीत लागले म्हणून राळेगावात बिऱ्हाड केलं, पण मोह फुलला की सगळे चिचघाटलाच. अर्पिताच्या लहानपणी अंगणात चटईवर मोहफुलं वाळत पडायची. एखादं टोपलं सावलीत विसरलं की दुसऱ्या दिवशी त्यातून फसफस आवाज यायचा आणि गोड, गरम, डोकं जड करणारा वास सुटायचा. कोणी त्यात काही घातलेलं नसायचं. ते आपोआप कसं होतं हा प्रश्न तिला तेव्हापासूनच होता. पुढे यवतमाळला सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना उत्तर मिळालं. यीस्ट फुलाच्या अंगावरच असतं. ते हवेत असतं, टोपल्यात असतं, वेचणाऱ्या हातावरही असतं.

नाशिकला एका मोठ्या वायनरीच्या प्रयोगशाळेत ती सात-आठ वर्षं होती. तिथले मुख्य वाइनकर्ते भगवानराव शिस्तीचे माणूस होते. द्राक्षं आली की त्यांच्या अंगावरचं जंगली यीस्ट आधी सल्फाइट हे रसायन घालून दाबायचं, मग परदेशातून आलेलं पाकिटातलं यीस्ट घालायचं, शेवटी गाळून काचेसारखी स्वच्छ वाइन काढायची, ही त्यांची पद्धत. अर्पिता त्यांच्याकडून खूप शिकली. पण त्याच काळात वाइनच्या जगात एक नवं भांडण जोरात होतं. काही जण म्हणत होते, काही घालू नका, काही काढू नका, फळातूनच जे येईल ते येऊ द्या, तरच वाइनला आपल्या मातीची चव येते. भगवानरावांना हे अजिबात मान्य नव्हतं.

"काही न घालणं ही काय कला झाली?" ते म्हणायचे. "तापानं फणफणलेल्या माणसाला औषध द्यायचं नाही आणि त्याला निसर्ग म्हणायचं, त्यातली ही गोष्ट आहे."

एकदा जेवणाच्या सुट्टीत अर्पितानं मोहाच्या वाइनची कल्पना बोलून दाखवली. टेबलावरचा एक जण हसत म्हणाला, "म्हणजे हातभट्टी, पण इंग्रजी लेबल लावून." सगळे हसले. भगवानराव हसले नाहीत, जेवत राहिले. त्या दिवशी ती डबा धुवून आत गेली. वर्षभरात तिनं राजीनामा दिला.

राळेगावात तिला पहिला साथीदार मिळाला तो इम्तियाजभाई. ट्रॅक्टर आणि मोटारपंप दुरुस्त करणारा हा माणूस स्वतः कधी थेंबाला शिवला नव्हता. दूध थंड करायच्या जुन्या टाक्या त्यानं कापून, जोडून, घासून तिला आंबवायच्या टाक्या बनवून दिल्या.

"ताई, टाकी माझी जिम्मेदारी," तो म्हणाला. "अंदर काय जातं ते तुमचं तुम्ही पाहा."

पहिल्या वर्षी अर्पिता हट्टाला पेटली होती. पाकिटाचं यीस्ट नाही, सल्फाइट नाही, काहीच नाही. एप्रिलच्या उन्हात टाक्या तापल्या. आधी छान फसफसलं, मग नेलपॉलिशसारखा वास यायला लागला आणि महिन्याभरात निम्मा माल आंबट होऊन बसला. झाकण उघडून इम्तियाजनं नाक मुरडलं.

"हा तर सिरका झाला, ताई. शमा म्हणत होती, लोणच्यात घालून पाहते."

इम्तियाजच्या बायकोचं, शमाभाभीचं, लोणचं त्या वर्षी फार चांगलं झालं, पण अर्पिता आठवडाभर टाक्यांकडे फिरकली नाही. भगवानरावांचं तापाच्या माणसाचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं की आपण दोन गोष्टींची गल्लत केली. बाहेरचं काही न घालणं वेगळं आणि लक्ष न देणं वेगळं. दुसऱ्या वर्षी तिनं पाकिटं आणली नाहीत ती नाहीतच, पण टाक्यांभोवती ओली गोणपाटं गुंडाळली, खोलीला वाळ्याचे कूलर लावले, टोपली न टोपली उकळत्या पाण्यानं धुतली आणि सकाळ-संध्याकाळ प्रत्येक टाकीचं तापमान पाहिलं. त्या वर्षीची वाइन चांगली उतरली. रंग फिकट मधासारखा, किंचित गढूळ, आणि पहिल्याच घोटाला एक धुराचा वास, जंगलात दूर कुठे चूल पेटलेली असावी तसा.

त्या धुरानंच तिचं नाव झालं. पुण्याला वाइनचं एक प्रदर्शन होतं. तिथे प्रदेशाच्या चवीवर चर्चा ठेवली होती आणि मंचावर भगवानरावांसमोर सुरभी नावाची एक बाई होती. पुण्यात तिचं अशाच न गाळलेल्या, काही न घातलेल्या वाइनचं दुकान होतं आणि तिचा शब्द बरेच लोक मानत. दोघांसमोर अर्पिताच्या मोहाचे पेले आले.

भगवानरावांनी वास घेतला आणि पेला खाली ठेवला. "हा धूर म्हणजे दोष आहे. मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली आहे म्हणून स्पष्ट बोलतो."

"सर, तुमच्या निर्दोष वाइनचं गाव कोणतं ते माझ्या जिभेला कळत नाही," सुरभी म्हणाली. "हिचं कळतं. यवतमाळचं जंगल आहे या पेल्यात. ती माती, तो वणवा, सगळं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुरभीनं अर्पिताला वर बोलावून विचारलं, "हा धूर कुठून येतो?"

अर्पिताला उत्तर माहीत होतं. टाळ्या वाजत असताना ते सांगणं जड होतं, पण तिनं सरळ सांगितलं. "मातीतून नाही येत. मोह गळायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुलं दिसतात आणि वेचायला सोपी जातात. त्या राखेवर फुलं पडतात. वास तिथला आहे."

"म्हणजे दोषच," भगवानराव म्हणाले.

"म्हणजे रीत," सुरभी म्हणाली. "माणसाची रीतही प्रदेशातच येते ना? कुठे मातीच्या रांजणात वाइन मुरवतात, कुठे राळ घालतात. ते आपण चव म्हणूनच पितो."

अर्पिताला सुरभीचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही. घरी येताना सुरभीच्या दुकानाची मोठी मागणी तिच्या हातात होती, एका अटीवर. धूर असाच राहिला पाहिजे.

पुढच्या फुलोऱ्यात चिचघाटच्या टेकडीला आग लागली. नेहमीसारखाच कोणीतरी झाडाखाली पाला पेटवला होता, वारा फिरला आणि जाळ बरडावरच्या वाळल्या गवतात शिरला. सगळं गाव ओल्या फांद्या घेऊन धावलं. अर्पिताही होती. दुपारभर झोडपल्यावर आग आटोक्यात आली. माणसं, गुरं वाचली. पण मोहाची लहान रोपं होरपळून गेली, आणि सोनीबाईच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या असलेला मोठा मोह आतून जळत जळत संध्याकाळी आडवा झाला.

सोनीबाई म्हणजे अर्पिताच्या वडिलांची चुलतबहीण. वेचणाऱ्या बायका तिचं ऐकायच्या. पडलेल्या झाडाजवळ ती बसली होती. अर्पिता जाऊन शेजारी बसली.

"आत्या, पाला जाळल्याशिवाय वेचता येत नाही का?"

"येते ना. कंबर मोडते, काटे टोचतात. म्हनून पेटोतो." सोनीबाईनं तिच्याकडे पाहिलं. "काहून विचारून राह्यली?"

अर्पितानं पुण्याची सगळी हकीकत सांगितली. तिकडच्या लोकांना हा धूरच आवडतो, तोच आपल्या गावाची खूण समजतात, हे ऐकून सोनीबाईनं पडलेल्या झाडाच्या जळक्या सालीवर हात ठेवला.

"आमी पाला पेटोतो तो फूल दिसाव म्हनून," ती म्हणाली. "पुन्यातल्या लोकायले चव याव म्हनून नाई. अन् आता हे झाड गेलं, तं कोनत्या फुलाची चव देशील तू त्यायले?"

अर्पिता उठून चालायला लागली. टेकडी उतरेपर्यंत तिचा निर्णय झाला होता.

जाळीची गोष्ट नवी नव्हती. वनखात्याचे लोक मागेच सांगून गेले होते, की झाडाखाली जाळी बांधा, फुलं त्यावर पडतील, आग लावायची गरज नाही. पण कोणी मनावर घेतलं नव्हतं. जाळीऐवजी अर्पितानं घरोघरच्या जुन्या साड्या मागितल्या. चिचघाटच्या बायकांनी उन्हाच्या वेळी ओसरीत बसून त्या एकमेकींना जोडल्या. इम्तियाजनं झाडाला खिळा न मारता कापड ताणता येईल असे लोखंडी खांब बनवले. काही बायका कुरकुरल्या. वाऱ्यानं फाटतील, गुरं चावून टाकतील, चार माणसं हसतील. सोनीबाईनं आपल्या लग्नाचं लुगडं आणून दिल्यावर कुरकुर थांबली. पुढच्या वर्षी मोह फुलला, तेव्हा झाडांखाली हिरवी, जांभळी, लाल कापडं ताणलेली होती आणि पहाटे त्यावर फुलं टपटप पडत होती. पोती भरायला वेळ कमी लागला. फुलांना ना माती, ना राख.

आधी टेकडीवरच्या झाडांना कापडं लागली. खाली काळ्या जमिनीतल्या बांधांवर जे मोह होते, त्यांची पाळी आठवड्याभरानं आली. त्यामुळे दोन्हीकडची फुलं दोन वेगळ्या टाक्यांत गेली. त्यामागे दुसरा काही विचार नव्हता, नुसती सोय होती.

दोन्ही टाक्यांतली वाइन निवळल्यावर अर्पितानं चव घेतली आणि ती जागच्या जागी थांबली. धूर नव्हता, ते अपेक्षितच होतं. पण दोन पेले एकमेकांसारखे नव्हते. टेकडीची वाइन हलकी होती आणि तिच्या शेवटी किंचित तुरट कडा होती, हिरडा चावल्यावर राहते तशी. बांधाची भरदार, गोल, खव्याकडे झुकणारी. तिनं पेले बदलून पाहिले. वडिलांना बोलावून, कोणती कुठली ते न सांगता, घोटभर दिली.

"ह्या दोन वेगळ्या हायेत," गोपालराव म्हणाले. "यातली एक कुठून आनली तू?"

"दोन्ही चिचघाटच्याच, बाबा."

आतापर्यंत प्रत्येक टाकीत एकच धूर होता आणि लोक त्यालाच गाव म्हणत होते. खाली दोन चवी दबून पडल्या होत्या, हे तिला स्वतःलाही कळलं नव्हतं. टाकीला टेकून ती हसत राहिली. वायनरीतल्या त्या जेवणाच्या टेबलाची आठवण तिला त्या वेळी आली नाही. तिच्या डोळ्यांसमोर फक्त टेकडी होती आणि टेकडीखालची काळी शेतं.

सुरभीला नमुने गेले आणि दोन दिवसांनी ती स्वतःच राळेगावला आली. अर्पितानं तिला चिचघाटला नेलं, पडलेला मोह दाखवला, खांबांवर अजून ताणलेल्या साड्या दाखवल्या. सुरभीनं सगळं मन लावून पाहिलं, फोटो काढले. मग झाडाखाली बसल्यावर म्हणाली, "तुम्ही केलंत ते योग्यच आहे. पण माझ्या गिऱ्हाइकांना तो धूर पाठ झालाय. पुढच्या फुलोऱ्यात नुसत्या एका टाकीपुरता, अंगणात, पाण्याची बादली शेजारी ठेवून थोडा पाला जाळला तर?"

"आणि त्या राखेवर फुलं ओतायची?"

"हो."

"मग ती रीत नाही राहिली, मॅडम. ते नाटक झालं," अर्पिता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्हीच म्हणाला होता, माणसाची रीत प्रदेशातच येते. आता इथली रीत ही आहे. साडी बांधायची."

सुरभी वरच्या लुगड्याकडे पाहत राहिली. "खरं आहे तुमचं," ती म्हणाली, "पण दुकान मला चालवायचं आहे." मोठी मागणी तिनं मागे घेतली. जाताना टेकडीच्या चार बाटल्या विकत घेतल्या. नंतर अर्पिताला कळलं की सुरभीच्या दुकानात आता दुसरीकडून आलेलं एक धुरकट पेय ठेवतात. त्या वर्षी दोन्ही वाइनच्या पेट्या घराच्या मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेल्या होत्या आणि अर्पिता फोनवर फोन लावत होती. कोणाला धूर हवा होता, कोणाला मोहच नको होता.

नागपूरच्या प्रदर्शनात तिनं जागा घेतली, ती थोडी हट्टानंच. बाटल्यांवर या वेळी नुसतं राळेगाव नव्हतं. एकीवर लिहिलं होतं, चिचघाट, टेकडी. दुसरीवर, चिचघाट, बांध. सोबत सोनीबाई आली होती, नवं पातळ नेसून.

पहिल्याच दिवशी भगवानराव समोर उभे राहिले. केस आणखी पिकले होते, पण चाल तीच. अर्पितानं दोन पेले पुढे केले. त्यांनी एकाचा वास घेतला, मग दुसऱ्याचा, पुन्हा पहिल्याचा.

"धूर गेला," ते म्हणाले.

"हो, सर."

"यीस्ट?"

"फुलाचंच. पाकीट नाही घातलं."

"मग माझ्याकडे भांडायला काय उरलं?"

"गढूळपणा आहे ना, सर."

भगवानराव हसले. तिनं त्यांना इतकं मोकळं हसताना नाशिकला कधी पाहिलं नव्हतं. "तो आहेच. मी असतो तर गाळली असती," ते म्हणाले आणि परत गंभीर झाले. "पण या दोघींत फरक आहे. मला तो कळतोय. जमिनीचा म्हणावा की झाडांच्या वयाचा, ते नाही सांगता येत."

"मलाही नाही येत. एका वर्षावरून सांगूही नये. अजून तीन-चार हंगाम वेगवेगळं ठेवून पाहणार आहे."

"ठेव," ते म्हणाले. "आणि मला दर वर्षी दोन्ही पाठव. लिहून सांगत जाईन, बरं-वाईट दोन्ही." मग जवळच्या स्टॉलवाल्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "ही आमच्याकडे होती. आम्हाला ठेवून घेता आली नाही."

अर्पितानं मान खाली घालून पेले विसळायला घेतले, कारण तिला कुठे पाहावं ते सुचेना.

दुपारनंतर गर्दी वाढली. चांगल्या कपड्यातलं एक जोडपं बराच वेळ दोन्ही पेले आळीपाळीनं चाखत होतं. शेवटी त्या बाईनं अर्पिताला सोडून सोनीबाईला विचारलं, "मावशी, यातली चांगली कोणती?"

सोनीबाई आयुष्यात पहिल्यांदा अशा जागी उभी होती, पण ती गोंधळली नाही. तिनं दोन्ही बाटल्यांवरून हात फिरवला.

"हे टेकडीची. टेकडीवरचे मोह माह्या माहेरचे हायेत," ती म्हणाली. "अन् हे बांधाची. बांध सासरच्या वावरातला. आता कोनती चांगली म्हनून मी कशी सांगू, बाई? घरी जाऊन भांडन लागन."

जोडपं हसलं आणि दोन्ही घेतल्या. मागे उभ्या असलेल्या एकानं विचारलं, हे चिचघाट नेमकं कुठे आलं. अर्पिता सांगायला पुढे झाली, पण सोनीबाईनं तिला हातानंच मागे सारलं आणि स्वतः सांगायला सुरुवात केली. आधी यवतमाळ, मग कळंब, तिथून राळेगावची बस, राळेगावात उतरून कोणती वाट धरायची, वाटेत कोणता नाला लागतो, आणि फुलोऱ्यात आलं तर लांबूनच झाडाखाली साड्या बांधलेल्या दिसतात, त्यातलं कोणतं लुगडं तिचं. माणूस ऐकत राहिला. त्याच्या मागे आणखी दोघं येऊन उभे राहिले, आणि सोनीबाईनं त्यांच्यासाठी पुन्हा यवतमाळपासून सुरुवात केली.